एकेक डोंगर विकत घेत मोठी झालेली कंपनी आणि अमेरिकेतलं स्कीइंग

दरीकाठ

ऑक्टोबर उजाडला की इथल्या स्कीइंगवाल्या मंडळींच्या गप्पांत एकच प्रश्न असतो: यंदा एपिक घ्यायचा की आयकॉन? हे दोन हंगामी पास, एकाच पासवर कितीतरी डोंगर. एपिक व्हेल कंपनीचा, आयकॉन अल्टेराचा. देशभरात साडेचारशेहून जास्त स्की एरिया आहेत आणि तोंडावर नावं दोनच येतात. असं का झालं ते मी बरेच दिवस वाचतोय. जमेल तसं मांडतो, तुम्ही भर घाला.

व्हेल कंपनी जिथून वाढली तो कोलोरॅडोतला व्हेल डोंगर १५ डिसेंबर १९६२ ला सुरू झाला. महायुद्धात दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये लढलेले पीट सायबर्ट आणि त्यांना ही जागा दाखवणारे अर्ल ईटन, अशा दोघांचं ते स्वप्न. १९८० मध्ये शेजारी बीव्हर क्रीक उभं राहिलं. १९८५ मध्ये जॉर्ज जिलेट यांनी कंपनी घेतली, त्यांचा उद्योगसमूह कर्जात बुडाला आणि नव्वदीच्या सुरुवातीला ती अपोलो या गुंतवणूक कंपनीकडे गेली. खरेदीचा सपाटा त्यानंतरचा. १९९७ मध्ये ब्रेकनरिज आणि कीस्टोन पदरात पडले, त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरली. २००२ मध्ये लेक टाहोचं हेवनली. मग नॉर्थस्टार, कर्कवुड, पार्क सिटी, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातलं पेरिशर, २०१६ मध्ये कॅनडातलं व्हिसलर ब्लॅककोंब, २०१७ मध्ये व्हर्माँटमधलं स्टो. २०१९ मध्ये पीक रिसॉर्ट्स ही अख्खी कंपनी घेतली तेव्हा एका दमात सतरा डोंगर आले. पुढे स्वित्झर्लंडमधलं आंडरमॅट-सेड्रुन आणि क्रान्स-मोंटाना. आज एकूण बेचाळीस.

मला यातली सर्वांत बोलकी खरेदी वाटते ती सगळ्यांत लहान डोंगरांची. २०१२ मध्ये कंपनीने मिनियापोलिसजवळचं आफ्टन आल्प्स आणि डेट्रॉइटजवळचं माउंट ब्रायटन घेतलं. आफ्टन आल्प्सचा उतार वरपासून खालपर्यंत जेमतेम शंभर मीटर. रॉकीजमध्ये हजार मीटरचे उतार ज्यांच्याकडे आहेत त्यांना असल्या टेकाडाचं काय पडलंय? पण त्या टेकाडावर शाळा सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात स्की शिकणारी हजारो मुलं आहेत, आणि त्यांच्या आईबापांना वर्षातून एकदा मोठ्या डोंगरावर सुट्टी घालवायची असते. टेकाडाचा पास आणि व्हेलचा पास एक झाला की ती सुट्टी कोलोरॅडोत जाणार हे ठरूनच गेलं. २०१६ मध्ये शिकागो आणि मिलवॉकीच्या मधलं विल्मट घेतलं तेही याच हिशेबाने.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की डोंगर विकत घेतले असं आपण म्हणतो, पण विकत घेतली ती त्या डोंगरावर दर शनिवारी जाणारी माणसं. एकदा हे लक्षात आलं की तिकिटाचे भाव, रांगा, पार्किंग, पगार या सगळ्याचा अर्थ लागतो. आणि याची किंमत कोण मोजतंय हा प्रश्न मला सतावतो.

डेन्व्हरकर

चांगला विषय. मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती घरात रोज अनुभवतो. आम्ही चौघं. हिवाळ्यातले बहुतेक रविवार आम्ही डोंगरावर असतो ते केवळ पास परवडतो म्हणून. २००८ मध्ये एपिक आला तेव्हा ५७९ डॉलरला सगळे डोंगर, एकही दिवस बंदी नाही. त्याआधी एकेका मोठ्या रिसॉर्टचा सीझन पास हजारावर जायचा. २०२१ मध्ये तर त्यांनी दर ९७९ वरून ७८३ वर आणले. महागाईच्या काळात दर उतरवणारा दुसरा धंदा दाखवा.

आणि हे व्हेलच्याच डोक्यातून निघालं असंही नाही. १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्याच विंटर पार्क या रिसॉर्टने चौघांत मिळून ८०० डॉलरचा पास काढला होता. म्हणजे माणशी दोनशे! डेन्व्हरमध्ये त्यावर उड्या पडल्या आणि बाकीच्यांना दर पाडावेच लागले. स्वस्त पासची सुरुवात स्पर्धेतून झाली.

डेन्व्हरहून डोंगरांकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावरचा ट्रॅफिक जॅम खराच, पण त्यात पासच्या जोडीने डेन्व्हरच्या वाढलेल्या लोकसंख्येचाही वाटा आहे.

पाणकणीस

पास घेणाऱ्यांचं ठीक. ज्याने कधी स्की पायाला बांधलेली नाही त्याचं काय? आम्हाला एक दिवस जाऊन बघायचं होतं. मोठ्या रिसॉर्टचं ऐन हंगामातलं खिडकीवरचं तिकीट ३०० डॉलरच्या वर! वर स्की-बूट भाड्याने, शिकवणी वेगळी. नवरा म्हणाला, एवढ्यात आपण समुद्रावर चार दिवस राहून येऊ. तसंच केलं.

जमाखर्च

पाणकणीस, तुम्ही जिथे अडलात तिथेच या धंद्याची कळ आहे.

स्की कंपनीचा पूर्वापार शत्रू म्हणजे हवामान. डिसेंबरमध्ये बर्फ पडलं नाही तर नाताळचा आठवडा गेला, आणि नाताळ गेला की वर्ष गेल्यात जमा. लिफ्टचा खर्च, विम्याचा हप्ता, कर्जाचं व्याज, यातलं काही बर्फाची वाट बघत थांबत नाही. आता पास विकायचा कधी? मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात, डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद. म्हणजे आकाशातून काय पडणार हे कळायच्या आत पैसे कंपनीच्या खात्यात. हवामानाची जोखीम कंपनीच्या डोक्यावरून उतरून पास घेणाऱ्याच्या डोक्यावर गेली. आज व्हेलच्या डोंगरांवरच्या फेऱ्यांपैकी (एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक फेरी) सुमारे तीन चतुर्थांश पासवर होतात, आणि पास विकले जातात वीस लाखांहून जास्त.

खिडकीवरचं तिकीट तीनशेवर नेलंय ते विकलं जावं म्हणून नाहीच मुळी. ते पाहून माणसाने म्हणावं, 'तीन दिवस गेलो तरी पास वसूल,' आणि पास घ्यावा, यासाठी ते लावलंय. एका दिवसापुरता आलेला माणूस या हिशेबात बसत नाही.

बेचाळीस डोंगर असण्याचा फायदाही हवामानाशीच बांधलेला आहे. टाहोला दुष्काळ पडला तर व्हर्माँटला पडत नाही. पेरिशरचा हंगाम जून ते सप्टेंबर, त्यामुळे इकडच्या उन्हाळ्यातही थोडी मिळकत. एकच डोंगर असणाऱ्याला ही सोय कुठून असणार?

डेन्व्हरकर, दर उतरवल्याचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. पण २०२४ आणि २०२५ च्या हंगामपूर्व विक्रीत पासांची संख्या थोडी घटली आणि दर वाढवल्यामुळे रक्कम मात्र वाढली, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. नवे डोंगर घेऊन नवे पासधारक मिळवायचे हा रस्ता आता संपत आलाय असं मला वाटतं. अमेरिकेत घेण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

व्हर्माँटकर

खरेदीवर वाढलेली ही पहिली कंपनी नव्हे, हे इथे यायला हवं. पूर्वेकडे आम्ही एकदा हा अनुभव घेतलाय. लेस ऑटन यांनी मेनमधलं संडे रिव्हर भरभराटीला आणलं, १९९६ मध्ये किलिंग्टन आणि माउंट स्नो ज्यांच्याकडे होते ती एस-के-आय कंपनी घेतली आणि अमेरिकन स्कीइंग कंपनी उभी केली. १९९७ मध्ये शेअर बाजार. त्याच वर्षी स्टीमबोट आणि हेवनली. मग प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी मोठमोठी हॉटेलं बांधून खोल्यांची मालकी वाटून विकायची योजना. खोल्या विकल्या गेल्या नाहीत, कर्ज मात्र राहिलं. पुढची काही वर्षं एकेक डोंगर विकण्यात गेली आणि २००७ च्या सुमारास कंपनीचा खेळ आटोपला. व्हेलला २००२ मध्ये हेवनली मिळालं ते याच पडझडीतून.

आता लहान मालक विकतो का, याबद्दल. मी काही हिवाळे एका छोट्या डोंगरावर रात्रपाळीला कृत्रिम बर्फ करायला होतो. बाहेरून वाटतं, मशीन लावलं की बर्फ पडतं. प्रत्यक्षात रात्री अकराला दोघादोघांच्या जोड्या स्लेडवरून वर जातात. गोठलेले होज खांद्यावरून ओढायचे, हायड्रंट उघडायचा, गनमधून पाणी आणि दाबलेली हवा सुटली की तिच्यासमोर उभं राहून बाही पुढे धरायची. बाहीवर पडलेलं बर्फ झटकल्यावर उडालं तर ठीक. चिकटून ओलं राहिलं तर पाणी जास्त झालं, व्हॉल्व्ह कमी करा. पुन्हा पुढची गन. पहाटेपर्यंत हेच, आणि सगळं हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून. थर्मामीटर शून्याच्या खाली असला तरी हवा दमट असेल तर बर्फ होत नाही. आमचे पंप जुने होते, कॉम्प्रेसर डिझेलचा. थंडीच्या रात्री कमी होत गेल्या, तसं मिळेल त्या तीन रात्रींत डोंगर झाकायची वेळ आली, आणि त्याला दुप्पट ताकदीचे पंप लागतात. मालकाकडे तेवढे पैसे नव्हते. नवी वेगवान चेअरलिफ्ट म्हणाल तर कोटभर डॉलरच्या घरात. मुलांना धंद्यात यायचं नव्हतं. अशा माणसाने विकलं तर त्याला नावं ठेवायची माझी तरी तयारी नाही. मोठ्या कंपनीने पंप आणले, हेही मी पाहिलंय.

पण दुसरा रस्ता नाहीच असंही नाही. मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून सहकारी संस्था आहे. शेअर घेतलेले स्कीअरच मालक. एका माणसाची जुनी सिंगल चेअर त्यांनी हट्टाने जपली, स्नोबोर्डला बंदी ठेवली, कृत्रिम बर्फ नावापुरतं. बर्फ कमी पडलं की डोंगर बंद आणि त्याची झळ सभासदांना. त्यांना ते मान्य आहे.

गिरिजा_क

सगळं वाचलं. कामगारांबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पास हा आमचा डोंगर. कंपनीने तो २०१८ मध्ये घेतला. २०२१ ला पास स्वस्त करून भरमसाट विकले आणि त्याच हिवाळ्यात लिफ्ट चालवायला माणसं नव्हती. बर्फ भरपूर पडलं होतं, पण अर्धाअधिक डोंगर बंद. पैसे परत द्या म्हणून निघालेल्या ऑनलाइन अर्जावर चाळीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. मग २०२२ च्या मार्चमध्ये कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या डोंगरांवर किमान पगार ताशी २० डॉलर करायचं जाहीर केलं. लोकांनी ओरडा केला म्हणून हे झालं असं मी मानते.

माझी मैत्रीण स्की पेट्रोलमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा आणि बचाव पथकात आहे (कुठल्या डोंगरावर ते लिहीत नाही). रात्रभर बर्फ पडलं असेल तर ही मंडळी पहाटे अंधारात वर जातात, हाताने स्फोटकं टाकून हिमकडे पाडतात, मग स्वतः उतारावर स्की करत तो धरतो की सुटतो ते बघतात. तेव्हा कुठे नऊ वाजता आपल्यासाठी दोरी उघडते. जखमी माणसाला टोबोगनवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर घालून अवघड उतारावरून खाली आणण्याचं कसब यायला तिला कित्येक हंगाम लागले. आणि ती चौघींत मिळून घेतलेल्या भाड्याच्या घरात राहते, तेही डोंगरापासून तासाभरावर, कारण जवळची घरं सुट्टीच्या भाड्याला गेली.

त्यामुळे २०२४ च्या नाताळात पार्क सिटीच्या पेट्रोलने संप केला तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. २७ डिसेंबरपासून जवळपास दोन आठवडे. मुख्य मागणी सुरुवातीचा पगार ताशी २१ वरून २३ डॉलर करा. दोन डॉलर! वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यात अमेरिकेतला सर्वांत मोठ्यांपैकी एक डोंगर बहुतांशी बंद राहिला, लिफ्टच्या रांगांचे व्हिडिओ जगभर फिरले. शेवटी पगारवाढ झालीच. पुढच्या मे महिन्यात मुख्याधिकारी बदलले, आणि ज्यांच्या काळात हे पासचं गणित उभं राहिलं ते रॉब कॅट्झ पुन्हा त्या खुर्चीवर आले.

डोंगराचा मालक त्याच गावात राहत असता, तर दोन डॉलरसाठी गोष्ट इथवर गेली असती असं मला वाटत नाही. तो सकाळी पेट्रोलच्या खोलीत कॉफी प्यायला आला असता.

उत्तररंग

गिरिजा, अगदी मनातलं लिहिलंत. व्हिसलरलाही हेच कानावर येतं: निर्णय कोलोरॅडोत होतात. सुमारे १४० कोटी कॅनडियन डॉलरला गेला तो डोंगर.

कायदेकानू

'सरकार हे कसं होऊ देतं' असा प्रश्न येणारच, म्हणून त्यावर थोडं विस्ताराने.

या धंद्यातला सर्वांत गाजलेला खटला अ‍ॅस्पेनचा. अ‍ॅस्पेनमध्ये चार डोंगर, त्यांतले तीन अ‍ॅस्पेन स्कीइंग कंपनीचे आणि चौथा, हायलँड्स, वेगळ्या मालकाचा. पर्यटकांसाठी चारही डोंगरांचं एक सामाईक तिकीट असायचं आणि वापराप्रमाणे पैसे वाटून घेतले जायचे. सत्तरीच्या शेवटी मोठ्या कंपनीने हायलँड्सला सांगितलं, साडेबारा टक्के ठरीव वाटा घ्या. त्यांनी नाकारलं. मग सामाईक तिकीट बंद. हायलँड्सने मोठ्या कंपनीची तिकिटं पूर्ण किमतीला विकत घेऊन आपल्या ग्राहकांना द्यायची तयारी दाखवली, तीही धुडकावली. स्वतःची विक्री बुडवून शेजाऱ्याला मारणं, यात धंद्याचं दुसरं कारण दिसेना. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायलँड्सच्या बाजूने निकाल दिला. पंचवीस लाखांची भरपाई, कायद्याप्रमाणे तिप्पट म्हणजे पंचाहत्तर लाख डॉलर. निकाल जिंकूनही १९९३ मध्ये हायलँड्स त्याच कंपनीत गेलं. म्हणून मी कायद्याकडून मर्यादितच अपेक्षा ठेवतो.

१९९७ ला व्हेलने राल्स्टन या कंपनीकडून ब्रेकनरिज, कीस्टोन वगैरे डोंगर घेतले तेव्हा न्याय खात्याने अट घातली: अरापाहो बेसिन विका. डेन्व्हर परिसरातून गाडीने एका दिवसात जाऊन येणाऱ्या स्कीअरची बाजारपेठ त्यांनी वेगळी धरली होती. त्यामुळे ए-बेसिन स्वतंत्र राहिलं आणि २०१९ मध्ये गर्दीला कंटाळून एपिकमधून बाहेरही पडलं. २०२४ मध्ये ते अल्टेराने विकत घेतलं, म्हणजे आयकॉनवाल्यांनी.

अल्टेराची गोष्ट इथे राहून गेलीय, थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये केएसएल ही गुंतवणूक कंपनी आणि अ‍ॅस्पेनची मालकी असलेलं क्राउन कुटुंब एकत्र आले, सुमारे दीडशे कोटी डॉलरला इंट्रावेस्ट ही रिसॉर्ट कंपनी घेतली, मॅमथ घेतलं, डियर व्हॅली घेतलं आणि २०१८ च्या हंगामाला आयकॉन बाजारात आणला. खासगी कंपनी असल्याने हिशेब बाहेर दिसत नाहीत.

आणि धोका फक्त बड्यांकडूनच असतो असंही नाही. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळ तीन लहान डोंगर होते. दोन ज्याच्याकडे होते त्या मालकाने २०२१ मध्ये तिसरा, टॉगनबर्ग, घेतला आणि बंद करून टाकला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ही खरेदी बेकायदा ठरवली. बातम्यांत व्हेल-अल्टेरा असतात, पण तिथल्या शाळेच्या मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती ती ही.

डेन्व्हरकर

कायदेकानू, उत्तम प्रतिसाद. एक विचारतो: पश्चिमेकडचे बरेचसे डोंगर राष्ट्रीय वनजमिनीवर आहेत. मग जमीन सरकारची असताना कंपनी नेमकं काय विकत घेते?

कायदेकानू

लिफ्ट, इमारती, पायथ्याची खासगी जमीन, पाण्याचे हक्क आणि नाव. डोंगर वनखात्याचाच राहतो. १९८६ च्या कायद्याने स्की एरियाला चाळीस वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, आणि त्याची फी उत्पन्नाच्या दीड ते चार टक्के. मालक बदलला की जुना परवाना आपोआप पुढे चालत नाही, नव्या मालकाला नवा घ्यावा लागतो. पण त्या वेळी तपासतात ते मुख्यतः पैशाची आणि चालवण्याची ताकद. तिकीट परवडणारं ठेवा किंवा कामगारांना घरं द्या असं त्यात कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारायला हवं, कारण जमीन सगळ्यांची आहे.

जमीन खासगी असली तर काय होतं ते पार्क सिटीत दिसलं. वरचा डोंगर एकाच्या मालकीचा, पायथा आणि पार्किंग मात्र रिसॉर्ट चालवणाऱ्या पावडर (Powdr) नावाच्या कंपनीचं. भाडं वर्षाला जेमतेम दीड लाख डॉलर. २०११ मध्ये करार वाढवण्याचं पत्र मुदतीनंतर काही दिवसांनी पोचलं आणि करार गेला. व्हेलने वरच्या जमिनीचा ताबा भाडेकराराने मिळवला आणि २०१४ मध्ये पायथाही १८.२५ कोटी डॉलरला घेतला.

पाणकणीस

माझ्या प्रश्नाला जमाखर्च यांनी 'का' चं उत्तर दिलं, 'कुठे' चं कुणी देईल का? मुलगी आठ वर्षांची आहे.

व्हर्माँटकर

मोठ्या डोंगरावर जाऊच नका. घराजवळचा लहान, स्वतंत्र डोंगर शोधा. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी तिकीट, भाड्याच्या स्की आणि शिकवणी मिळून एकच दर बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो सुट्टीचे दिवस सोडून आठवड्यात आणखी उतरतो. पहिले दोन दिवस मुलीला जादूचा गालिचा, म्हणजे तो सरकता पट्टा, एवढंच पुरतं. उंच डोंगराचे पैसे कशाला भरायचे? गोडी लागली तर २०१९ मध्ये सुरू झालेला इंडी पास बघा. लहान-लहान स्वतंत्र डोंगर त्यात आहेत, प्रत्येक ठिकाणी दोन दिवस मिळतात. मर्यादित संख्येने विकतात, म्हणून लवकर घ्या.

दरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डेन्व्हरकरांच्या रविवारबद्दल मला आनंदच आहे. मात्र तो रविवार स्वस्त होण्यासाठी पाणकणीस यांच्या मुलीचा पहिला दिवस महाग झाला, हे मला मान्य करता येत नाही. आजची मुलं आली नाहीत तर वीस वर्षांनी पास कोण घेणार, हा प्रश्न कंपनीलाही पडायला हवा.

खरेदीचं चक्र थोडं उलटं फिरतंय का, तेही बघूया. २०२४ मध्ये पावडरने किलिंग्टन विकलं ते तिथल्याच गुंतवणूकदारांच्या गटाला. कोलोरॅडोतलं एल्डोराही त्यांनी विक्रीला काढलं, आणि २०२५ मध्ये पायथ्याजवळच्या नेदरलँड गावाने ते घ्यायची तयारी जाहीर केली. गाव जेमतेम दीड हजार वस्तीचं! माझी पूर्ण सहानुभूती गावाकडे आहे.

जमाखर्च

सहानुभूती माझीही आहे. पण आकडे बघा. गाव पैसे उभे करणार कर्जरोख्यांतून, ते फेडायचे डोंगराच्या मिळकतीतून. एल्डोरा आयकॉनवर आहे, म्हणजे तिथे येणाऱ्या बऱ्याच लोकांचे पैसे आधी अल्टेराकडे जमा होतात आणि मग फेरीमागे ठरलेला वाटा डोंगराला मिळतो. मालकी गावाची झाली तरी तो करार कायम राहावाच लागेल. रोखे घेणारा पहिला प्रश्न हाच विचारणार: आयकॉनचा करार किती वर्षांचा आणि फेरीमागे दर किती? गावाने घासाघीस करायची ती विकणाऱ्याशी कमी आणि अल्टेराशी जास्त.